बांधावरच्या गोड ओळी

फार जुन्या काळातली आश्विन शुद्ध पंचमी. पहाटे दव पडले होते, दुपारी ऊन तापले, वारा अजिबात नव्हता. राज्य कोणाचे होते ते आज कुणाला सांगता येणार नाही.

त्या दुपारी राघोजी नावाचा एक शेतकरी रस्त्याकडेच्या आपल्या बांधावर विळा घेऊन उभा होता. समोर कापसाच्या चार ओळी होत्या. पाती गळलेली, बोंडांना भोके पडलेली, उरलीसुरली बोंडे किडून काळी झालेली. त्यांच्यामागचे सगळे शेत मात्र पांढरेशुभ्र फुटले होते. त्या गावात प्रत्येकाचे शेत असे होते आणि प्रत्येकाचा बांध असा होता. हे किडके बांध गावाने मुद्दाम राखले होते. त्याचे कारण असे.

राजाच्या बागेत एक वृद्ध बागवान होता. बोंडअळीने शेतकरी हैराण होतात हे पाहून तो पुष्कळ वर्षे खपला आणि त्याने कापसाचे एक नवे बी घडवले. त्या झाडाच्या पानाबोंडांतच अळीला न सोसणारा कडूपणा होता. अळीने चावा घेतला की ती मरे. लोक त्याला कडू कापूस म्हणू लागले, आणि जुन्याला गोड. बी वाटताना बागवानाने एकच गोष्ट मागून घेतली. प्रत्येकाने आपल्या बांधाला चार ओळी गोड कापसाच्या लावायच्या आणि त्यांवरची अळी मारायची नाही.

पहिली काही वर्षे सर्वांनी ऐकले. मग एकाच्या मनात आले, एवढ्या शिवारात माझ्या चार ओळींनी काय अडणार आहे? शेजाऱ्याच्या आहेतच. शेजाऱ्यालाही तेच वाटले. भांडण नाही, बोलाचाली नाही, पण एका वर्षी सगळ्या शिवारात गोड कापसाची एकही ओळ उरली नाही. पुढे कडू कापसाची बोंडे फोडून पाहिली, तर काहींच्या आत अळी जिवंत.

बी बिघडले, अशी तक्रार घेऊन मंडळी बागवानाकडे गेली. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले.

“बी चांगलं आहे,” तो म्हणाला. “कडू खाऊनही एखादी अळी वाचतेच. तिचं पाखरू होतं. त्याला जोडीदार आपल्यासारखाच मिळाला, तर सगळी पिल्लं कडू पचवणारी निघतात. पण भोवती गोड ओळींतली साधी पाखरं भरपूर असली, तर त्याची सोयरीक त्यांच्यातच होते, आणि पिल्लांना कडू सोसत नाही. बाबांनो, तुम्ही त्यांच्यासाठी दुसरं स्थळच ठेवलं नाहीत.”

वेळ अजून गेलेली नव्हती. अळी थोड्याच बोंडांत होती. गावाने घराघरांत उरलेली गोड सरकी बाहेर काढली आणि पारावर बसून ठरवले की यापुढे एकाही बांधावरून गोड ओळी हलणार नाहीत. त्याला दुसरे वर्ष चालले होते आणि आता कुठे अळी मागे हटू लागली होती.

आणि आज राघोजी विळा घेऊन उभा होता, कारण उद्या त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते.

मुलीचे नाव वेणू. तिचे एक स्थळ मागच्या साली न बोलता परत गेले होते. हे दुसरे. मुलाला वेणूने जत्रेत एकदाच पाहिले होते. तो तिला आवडला होता हे तिने कुणाला सांगितले नव्हते, तरी बापाला ते कळले होते. पाहुणे येतात ते आधी शेत पाहतात, आणि शेताचे पहिले दर्शन रस्त्यावरून होते, हेही त्याला कळत होते.

शेजारचा भिकाजी आपल्या बांधावर टेकून त्याच्याकडे बघत होता.

“काप राघोजी, लाजू नकोस,” तो म्हणाला. “तू कापल्यास की मीही मोकळा. माझ्या पलीकडचा शेतकरी तर कधीपासून वाटच बघतोय.”

एवढ्यात वेणू भाकरी घेऊन आली. तिने विळा पाहिला, भिकाजीकाकांचे हसू पाहिले, आणि शिदोरी खाली ठेवली.

“बाबा, हे माझ्यासाठी करताय?”

राघोजीने विळा पाठीमागे घेतला.

“मग करू नका. माझ्या पायी गावाचा बांध मोडला, तर मी त्या घरात सुखानं जेवेन का?”

“पोरी, पाहुणे पुन्हा परत गेले तर?”

वेणूने ओळींकडे पाहिले. “गेले तर मला वाईट वाटेल,” ती म्हणाली. “पण ओळी राहू द्या.”

राघोजीने विळा खाली ठेवला आणि शिदोरी सोडली. भिकाजीने पाठ फिरवली आणि उगाचच बैलाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचा बाप, मुलाचा मामा आणि मुलाची आत्या. गाडी बांधाशी थांबली आणि मामा उतरता उतरताच बोलू लागला. वाटेत अशीच कळा बघत आलो, म्हणाला, पण इथे तर कमाल आहे.

“राघोजीराव, घराच्या तोंडावरच आजारी माणूस निजवलंत की.”

राघोजीचा चेहरा उतरला. वेणू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, “आजारी नाही मामा. हे आम्ही अळीला दिलंय.”

“का बरं? ती तुमची पाहुणी लागते?”

“तिनं बाकीचं मागू नये म्हणून.” मग तिने बागवानाचे बोलणे मामाला समजावून सांगितले.

“म्हणजे तुम्ही पाखरांची लग्नं लावता?” मामा म्हणाला.

“लावत नाही. स्थळं ठेवतो. जमवायचं ते त्यांचं ती जमवतात.”

आत्याने पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरले नाही. मुलाचा बाप मात्र हसला नाही. तो ओळी ओलांडून आत गेला, कडू कापसाचे एक न उमललेले बोंड त्याने तोडले आणि दोन्ही अंगठ्यांनी फोडले. आत दुधासारखा स्वच्छ कापूस होता. तो बोंडाकडे बघत राहिला. मग दुसरे फोडले. मग परत आला, पाणी प्यायला, आणि निरोप धाडतो एवढे म्हणून गाडीत बसला.

दिवाळी झाली, निरोप आला नाही. वेचणी सुरू झाली, तरी आला नाही. वेणू इतर बायांबरोबर कापूस वेचायला जाई आणि पूर्वीपेक्षा कमी बोले. बायाही तिच्याशी जपून बोलत. राघोजीला कधी कधी स्वतःचाच राग येई.

एका संध्याकाळी भिकाजी त्याच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ पिकापाण्याचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, “तुझी पोर हटली नाही, म्हणून माझ्या ओळी उभ्या आहेत. त्या दिवशी मी तुला नको ते बोललो. आता तिचं स्थळ मी बघतो. गावोगाव हिंडेन, पण असं घर आणीन की तिला बांधाची लाज वाटायला नको.” राघोजीने त्याच्यापुढे गूळ ठेवला.

माघ महिन्यात एका सकाळी मुलाचा बाप पायी आला. एकटाच होता आणि खांद्यावर रिकामे पोते होते. त्याला पाहून वेणू आत गेली.

तो सांगू लागला. त्याच्या गावात कडू कापूस होता, पण गोड ओळी कुणीच राखल्या नव्हत्या. यंदा तिथल्या बोंडाबोंडांत अळी निघाली. राघोजीच्या शेतात स्वच्छ बोंड हातात आले तेव्हा फरक कशाने पडला ते त्याला कळले. घरी जाऊन तो दारोदार फिरला. लोक हसले, मेहुणा तर सर्वांत जास्त हसला. एकेकाला समजावता समजावता हिवाळा गेला.

“आता गाव तयार झालंय,” तो म्हणाला. “पण जुनी गोड सरकी आमच्याकडे कुणाकडेच उरली नाही. ती मागायला आलोय.”

राघोजीने होकाराची मान हलवली. वेणूबद्दल विचारायचा त्याला धीर होईना.

पाहुण्यानेच घसा साफ केला. “मुलीचा निरोप मुद्दाम धाडला नाही. आधी मुलगी मागितली असती आणि मग सरकी, तर लोक म्हणाले असते, बियाण्यासाठी सून केली. म्हणून आधी बी मागतो. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी दुसरं मागणं होतंच. पोरगा जत्रेपासून तिचंच नाव घेतोय.”

राघोजीने आत हाक मारायला तोंड उघडले, तोवर वेणू सरकीची टोपली घेऊन दारात आली होती. तिने मान खाली घालून ती पाहुण्यापुढे ठेवली, आणि पोते धरायला स्वतःच बसली. भिकाजीला कळताच त्याने आपल्या घरची सरकी आणून ओतली. मग एकेक करून सगळे गाव आले आणि पोते भरले.

वैशाखात वेणूचे लग्न झाले. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही गावांत प्रत्येक बांधाला चार ओळी गोड कापसाच्या लागल्या. वेणूच्या माहेरी त्या वर्षी कडू बोंडांत एकही अळी सापडली नाही. सासरी अळी पहिल्या वर्षी निम्म्यावर आली आणि चौथ्या वर्षी दिसेनाशी झाली.

तात्पर्य: सर्वांचे राखायचे असेल, तर थोडे सोडण्याचा आपला वाटा आपणच उचलावा, तो शेजाऱ्यावर टाकू नये.