आवडाईचं कौल

मार्गशीर्षातला बुधवार होता, दिवस कासराभर वर आला होता, आणि नेमकं तेव्हाच पाथरमाळच्या मागघरात सातवं लेकरू खोकलं. ही वेळ गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. साल मात्र कुणालाच ठाऊक नाही. फार फार वर्षं झाली, एवढंच.

मागघर म्हणजे गावाची एक लांबच लांब खोली. पाथरमाळ डोंगरमाथ्यावर, तिथली थंडी हाडात शिरते. म्हणून हिवाळा लागला की सगळ्यांचे माग त्या एका खोलीत मांडायचे आणि चाळीस माणसं तिथं बसून कांबळी विणायची. तान्ही लेकरंही तिथंच, मागांच्या मधे झोळ्यांत. मधोमध शेगडी. ऊब मोठी छान यायची.

त्या साली झोळ्यांतली लेकरं खोकायला लागली. एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. तीन झोळ्या रिकाम्या झाल्या. मग भगत आला, त्यानं लिंबू उतरवलं आणि म्हणाला, "बाहेरचं लागलंय. बाहेरचं आत येऊ देऊ नका."

बाहेरचं म्हणजे भूतबाधा. पण भुताला काय, फटसुद्धा पुरते. म्हणून गावानं खिडक्या लावल्या, भिंतीतले झरोके लोकरीनं बुजवले, उंबऱ्याशी गोणपाट कोंबलं. आणि जेवढं बुजवलं तेवढा खोकला वाढला, असं म्हणतात.

सातवं लेकरू ते राखमाची तानी. पाच महिन्यांची. राखमानं माग टाकला, पोरीला उराशी धरलं आणि ती कुंभारवाड्याकडं धावली. आवडाई कुंभारीण गावाची कौलं घडवायची. ना वैदू, ना सुईण. पण त्या दिवसांत अख्ख्या गावात तिचं एकटीचं दार उघडं होतं.

"मावशी, हिला काही झालं तर मी जगत नाही."

आवडाईनं पोरीच्या छातीला कान लावला. मग राखमाचं लुगडं हुंगलं.

"अगं, हा वास माझ्या ओळखीचा आहे. भट्टीचं धुराडं बुजलं की आत असंच कोंडतं. मग मडकी काळी पडतात नि तडकतात. चल."

तिनं जाऊन झरोक्यांतली लोकर उपसली. शिडी लावली, पदर खोचला, आणि मागघराच्या आढ्यावर चढून एक कौल काढलं.

आतली हवा बाहेर निघाली ती डोळ्यांना दिसली म्हणे. काळपट, जाड, ओल्या कांबळ्यासारखी. वरून चाललेले बगळे वळसा घालून गेले. तीन दिवस ती निघतच होती, असं म्हणतात.

माणसं ओरडत बाहेर आली. पुढं येसबा, मागघराचा कारभारी.

"आवडे, उतर खाली! बाहेरचं आत सोडतेस?"

"येसबादादा, आधी आतलं तर बाहेर जाऊ दे!"

"मडकी घडवणारीनं आम्हाला शिकवायचं?"

"मडकं बरं, दादा. ते तोंड तरी उघडं ठेवतं."

बायका पदराआड हसल्या. येसबा आणखी चिडला. "पोरं गारठून मरतील!"

"कांबळी विणता ना रे? मग गुंडाळा की त्यांना!"

कुणी कौल परत बसवायला शिडीवर चढलं, की आवडाई त्या भोकाशी आडवी व्हायची. शेवटी ती तिथंच बसली, अंगावर पदर घेऊन, पाठ वाऱ्याकडं करून. वारा तिच्या पाठीवर अडायचा आणि आतला कोंडमारा तिच्या पुढ्यातून निघून जायचा. खाली राखमा तानीला कांबळ्यात गुंडाळून झरोक्यापाशी बसली. वरची नि खालची, दोघीही हलल्या नाहीत. राखमा रोज खालून हाक मारायची, "मावशी, भाकरी पाठवू?" वरून उत्तर यायचं, "पोर कशी आहे ते सांग."

आठ दिवस गेले. खोकला एकेका झोळीतून उतरत गेला. नवव्या सकाळी तानी रडली. कुंथत, घरघरत नव्हे, चांगली खणखणीत, पाटलाच्या विहिरीपर्यंत ऐकू जाईल अशी.

राखमा अंगणात धावली. "मावशी, ऐकलंस का?"

वरून उत्तर आलं नाही. शिडी होती तिथंच होती. आवडाईला उतरताना कुणी पाहिलं नाही. जिथं ती बसली होती तिथं एक कौल होतं, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईसारखं पुढं झुकलेलं, पाठीशी बंद, पुढं उघडं. पाऊस आत येणार नाही, हवा मात्र बाहेर जाईल, असं. येसबानं म्हणे पागोटं काढून त्या कौलाकडं पाहिलं आणि लावून घेतलेल्या खिडक्या स्वतः उघडल्या.

आजही पाथरमाळात जिथं चार माणसं जमतात तिथल्या प्रत्येक छपरावर असं एक कौल असतं. त्याला आवडाईच म्हणतात. शाळेवर स्लॅब टाकला तेव्हा गवंडी नको म्हणाला, तरी गावानं स्लॅबला भोक ठेवून वर आवडाई बसवून घेतली. थंडी लागली की लेकुरवाळ्या बायका झरोके झाडतात आणि कौलाला हळदीकुंकू लावतात. त्या छपराखाली रडणाऱ्या लेकराला कुणी गप्प बस म्हणत नाही.

तुमच्याकडंही अंगणवाडीत, दवाखान्याच्या बाकांवर लेकरं दाटीनं बसत असतील, आणि थंडी म्हणून कुणीतरी खिडकी लावून घेतली असेल. तर बायांनो, ही गोष्ट शेजारणीला सांगा, आणि तिला तिच्या शेजारणीला सांगायला सांगा. फक्त एवढं करा. आधी उठून खिडकी उघडा, मग गोष्टीला बसा.