तिसऱ्या शालीखालचा हात

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची. स्लोवाकांच्या मुलखात, पाइनच्या रानाला लागून एक गाव होतं. तिथल्या लग्नांत एक गंमत असे. नवरदेव वऱ्हाड घेऊन दाराशी आला, की त्याला नवरी लगेच मिळत नसे. आधी तोंडावरून शाल पांघरलेल्या तीन खोट्या नवऱ्या एकामागून एक पुढे करायच्या, नवरदेवाने प्रत्येकीला ठरलेल्या शब्दांत परत पाठवायचं, आणि मगच खरी नवरी उंबऱ्याबाहेर यायची.

एका घराण्यात हे शब्द सात पिढ्या बापाकडून मुलाकडे आले होते. आठव्या पिढीत मात्र जन्माला आला एक वेंधळा. हा दूध काढायला निघाला की बादली विसरे, आणि बादली आणायला गेला की गाय कुठे बांधली ते विसरे. एका मुलीला तो आवडला, कारण तिच्या घरी बाकी सगळे फारच शहाणे होते.

लग्न ठरलं तसं बापाने महिनाभर त्याच्याकडून शब्द घोकून घेतले. पण पुढचं पाठ, मागचं सपाट.

लग्नाचा दिवस उजाडला. पहिली शाल आली ती जेमतेम कमरेएवढी. नवरदेव बराच वेळ बघत राहिला आणि कसंबसं म्हणाला, "ही तर कळी आहे, हिला वाढू द्या." दुसऱ्या शालीतून लोहाराच्या मिशा बाहेर आल्या होत्या. तरी हा अडखळलाच. रात्रीतून काही झालं असेल तर, असं त्याच्या मनात आलं. बापाने चिमटा काढला, तेव्हा कुठे त्याने लोहाराला परत पाठवलं.

तिसरी शाल ना फार उंच होती, ना फार बुटकी. आता त्याची पुरती भंबेरी उडाली. शब्द तर कधीच पळाले होते. त्याने शालीबाहेरचा हात पाहिला. नखांत कणीक होती, आणि आपली नवरी सकाळपासून लग्नाची भाकरी मळतेय असं त्याने ऐकलं होतं. म्हणजे हीच ती, असा त्याने हिशेब केला, तो हात धरला आणि म्हणाला, "ही माझी."

शाल दूर झाली. ती नवरीची आत्या होती. लग्न न झालेली, तोंडात एक दात नसलेली. अंगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. गावातल्या प्रत्येक लग्नात तिसरी शाल आत्याच पांघरायची, पण हेही तो विसरला होता. परत पाठवली की सगळ्यांबरोबर हसायची आणि स्वयंपाकघरात जायची. आज मात्र ती हसली नाही.

"चाळीस लग्नांत मला परत पाठवलं," ती हळूच म्हणाली. "माझी म्हणणारा तू पहिलाच. चुकून म्हणालास, ठाऊक आहे मला. जरा वेळ हात राहू दे, मग म्हण तुझे शब्द."

आणि नेमके तेव्हाच त्याला ते शब्द आठवले. 'आम्ही मागितली फुललेली फांदी, तुम्ही आणलंत वाळकं खोड. जाळायला घ्या, नाहीतर परत न्या.' महिनाभर तो हे घोकत होता, पण हे कुणाच्या तरी तोंडावर म्हणायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली.

बाप कानाशी कुजबुजला, की बोलून मोकळा हो. नवरीकडच्या वडीलधाऱ्याने बजावलं, की सूर्य डोंगराला टेकायच्या आत शब्द झाले नाहीत तर लग्न मोडलं समजा. तेवढ्यात दाराआडून नवरीचा आवाज आला.

"ते शब्द म्हणालात, तर मी बाहेर येणार नाही. आत्याच्या याच हातांनी मला न्हाऊमाखू घातलंय."

इकडे आड, तिकडे विहीर. त्याने बापाला विचारलं, की असे शब्द मुळात का? बाप म्हणाला, आजोबांना विचार. आजोबा म्हणाले, माझ्या वडिलांना ठाऊक होतं. ते तर केव्हाच मातीत गेले होते. आता सगळं अंगणच गोंधळलं. सूर्य खाली चालला होता, आणि आत्याचा हात अजून त्याच्या हातात होता.

शेवटी तो म्हणाला, "माझं पाठांतर बुडालं. समजतं तेवढं बोलतो. ही माझी नवरी नाही. पण हिला परत नेऊ नका, आमच्या पंगतीत पहिली बसवा. आणि हिच्या हातची भाकरी खाऊन जी वाढली, ती माझी. तिला बाहेर येऊ द्या."

हे शब्द चालतात की नाही, याचा नियम वडीलधारा अजून आठवतच होता, तोवर दार आतून उघडलं. नवरी बाहेर आली आणि तिने आत्याचा दुसरा हात धरला. तिघं मिळून मांडवात गेली. मागच्या रांगेतला एक पाहुणा, यातली नवरी कोणती, असं जेवणं होईपर्यंत विचारत होता.

त्या गावात खोट्या नवऱ्या आजही तीनच येतात. तिसरीला मात्र कुणी परत पाठवत नाही. पंगतीत गरम सुपाचा पहिला वाडगा तिचा असतो. आणि त्या वर्षीच्या पुढच्याच लग्नात तिसरी शाल पांघरायला पाच म्हाताऱ्या हटून बसल्या.

तात्पर्य: रीत वडिलांकडून घ्यावी, पण ती ज्याला टोचते त्याला विचारून मगच मुलांच्या हाती द्यावी.