उस्तादांच्या कामावरची सही

"परीक्षाच होती ना ती, उस्ताद?" शार्दूलने विचारलं.

याकूब उस्ताद विमानाच्या शेपटाशी उभे राहून चिंधीने हात पुसत राहिले.

"पिन तुम्ही मुद्दाम घातली नव्हती. मी बघतो की नाही, हे बघायला. होय ना?"

...

शार्दूल बेंद्रे म्हणजे त्या हँगरातला सगळ्यात हुशार शिकाऊ. हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तोच सांगून मोकळा व्हायचा. विमान दुरुस्तीच्या शाळेत पहिला आलेला, मोठ्या कंपनीत नोकरी ठरल्यात जमा, आणि वर याकूब उस्तादांच्या हाताखाली काम शिकलेला. मग काय, स्वारी जमिनीवर चालेल कशाला! वैमानिक तयार करणाऱ्या त्या संस्थेत उस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "पोरगा तयार झाला" एवढं ते म्हणाले की हँगराचे चीफ साहेब पुढचं काही विचारत नसत.

ते एवढंच म्हणायचं बाकी होतं. आणि हे घडलं.

आदल्या दिवशी उस्तादांनी शेपटाची हलती फळी बसवली होती. विमानाचं नाक वर-खाली होतं ते या फळीच्या जोरावर. तिच्या बोल्टवर एक नट असतो आणि त्या नटातून आरपार एक पिन. पिन नसली, तर हादऱ्यांनी नट फिरत फिरत सुटून येतो. म्हणून या धंद्याचा नियमच आहे, की अशा जागी एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने स्वतः वाकून, हात लावून ते बघायचं. मग दोघांनी सह्या करायच्या. काम ब्रह्मदेवाने केलेलं असलं तरी.

दुसरी सही शार्दूलची होती. वाकला मात्र तो नव्हता.

सकाळी आसावरी नावाची विमान चालवायला शिकणारी पोरगी ते विमान घेऊन एकटीच वर गेली. उतरली ती पांढरीफटक होऊन. "हातातली स्टिक थरथरत होती," एवढंच तिला बोलता आलं. उस्ताद शेपटाशी गेले. त्यांनी नुसतं बोट लावलं आणि नट त्यांच्या तळहातात आला. अजून एक फेरी मारली असती तर काय झालं असतं, ते हँगरात कुणीच मोठ्याने बोललं नाही.

आता चीफ साहेब केबिनमध्ये दोघांची वाट बघत होते.

"परीक्षा असती," उस्ताद हळू म्हणाले, "तर त्या पोरीला मी वर जाऊ दिलं असतं?"

शार्दूलने मान खाली घातली.

"पिन घातली, असं मला वाटलं होतं. घातलेली नव्हती."

"हे साहेबांना सांगू नका, उस्ताद! परीक्षा होती म्हणा. विमान बाहेर काढू नका असा निरोप ठेवला होता, तो कुणाला पोचला नाही, म्हणा. तुमच्या शब्दापुढे साहेब जाणार नाहीत. तुमची अब्रू राहील..."

"आणि तुझी नोकरी."

"हो, माझी नोकरीही! त्यात काय पाप आहे? एवढी मेहनत केली ती एका पिनेपायी मातीत घालू?"

उस्तादांनी चिंधीची घडी केली. मग ती पुन्हा उलगडली.

"वाकला का नाहीस?"

"तुमचं काम होतं, उस्ताद." शार्दूल असा दुखावला, की जणू चूक विचारणाऱ्याचीच. "तुमच्या कामावर मी संशय घेऊ?"

आता गुरूच्या हाताखालून काम आलं की डोक्याला लावायचं, तपासायचं नाही, हे बाळकडू आपल्याकडे सगळ्यांनाच मिळतं. पण शेपटाखाली आडवं व्हायचं म्हणजे पाठीला ग्रीस लागतं, हेही काही खोटं नाही.

"म्हणजे श्रद्धा होती."

"होतीच. आहे."

"की कंटाळा?"

शार्दूलचा चेहरा खर्रकन उतरला.

"खरं बोल रे. इथे तिसरं कुणी नाही."

"पहिल्या पहिल्यांदा बघायचो, उस्ताद. दर वेळी बरोबरच असायचं. नखाएवढी चूक सापडायची नाही. मग वाटायला लागलं... यांचं काय बघायचं?"

"म्हणजे कालचंच नाही."

"...नाही."

"कधीपासून?"

उत्तर येणार नाही हे कळलं, तसा उस्तादांनी विमानाच्या अंगावर हात टेकला. आधाराला भिंत धरावी, तसा.

शार्दूलने उस्तादांना चिडलेलं पाहिलं होतं. शिव्या घालताना पाहिलं होतं, पाना फेकून मारताना पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, आणि का कोण जाणे, त्याला त्यांचा रागच आला.

"मी चुकलो, कबूल आहे! सांगा साहेबांना, काढून टाका मला. पण मूळ चूक कुणाची? जन्म गेला तुमचा या कामात. हजारदा घातलेली पिन... ती राहतेच कशी, उस्ताद? सांगा ना! राहतेच कशी?"

उस्तादांनी खिशातून एक नवी पिन काढली. बहुधा नटाशी धरून काही सांगायचं असावं.

ती बोटांतून निसटली. टण्ण आवाज झाला.

हँगराच्या फरशीवर पिवळा पट्टा आखलेला होता. पिन त्या पट्ट्यावरच पडली, उस्तादांच्या बुटापासून वीतभरावर. दुपारचं लख्ख ऊन आत आलेलं. आंधळ्यालाही दिसावी, अशी चमकत होती.

उस्ताद गुडघ्यांवर बसले. फरशीवरून तळहात फिरवायला लागले. पिनेच्या अलीकडून. पलीकडून. एकदा तर अगदी शेजारून.

शार्दूलला आधी वाटलं, म्हातारा सोंग करतोय.

...

"उस्ताद... समोरच आहे ती."

"कुठे?"

शार्दूल खाली बसला. त्याने पिन उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. उस्तादांनी ती अंगठ्याने चाचपली, टोकं ओळखली आणि मूठ मिटली. शार्दूल त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता. इतके दिवस हाताखाली काढले, पण त्या बुबुळांवर साय धरल्यासारखं पांढुरकं आलंय, हे त्याला आज दिसलं.

"कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि विमानाशिवाय मला येतं काय?"

"अहो, पण वर माणसं जातात!" शार्दूलचा आवाज फाटला. "ती आसावरी... मेली असती ती, उस्ताद! दिसत नव्हतं, तर तुम्ही हात लावलात कसा? कुणाच्या जिवावर काम करत होतात इतके दिवस?"

केबिनच्या दारातून चीफ साहेबांनी हाक मारली. दोघंही हलले नाहीत.

"तू बघतोयस," उस्ताद म्हणाले, "या भरवशावर."