सैतानाच्या डोळ्यांवरचा हात

करंजपाड्याच्या जुन्या चर्चमध्ये सोन्याच्या वर्खाची वेदी आणि नक्षीचं सागवानी व्याख्यानपीठ लखलखीत ठेवलेलं असतं. धूळ आहे ती फक्त डावीकडच्या कोनाड्यात, महादूत मायकलच्या लाकडी पुतळ्यावर. त्याच्या पायाखाली सैतान आहे. चर्चची उस्तवार बघणारे बस्त्यावकाका पाहुण्यांना तिथे नेतात आणि आवाज खाली आणतात. सैतानाकडे फार वेळ बघू नका, असंही बजावतात.

हा पुतळा इनास मिस्त्रीने घडवला म्हणे. वाडवडील मूर्ती घडवणारे, आणि घरात एकच दंडक. डोळे सगळ्यात शेवटी, तेही आधी देवाचे. ज्याचे डोळे आधी उघडतील, तो आधी जागा होतो. पण इनास खालून वर काम करत आला होता आणि दुपारचं ऊन नेमकं सैतानाच्या तोंडावर पडलं होतं. उजेड आहे तोवर उरकून घेऊ म्हणून त्याने शिंपल्याचे डोळे बसवून टाकले. मग वर पाहिलं, तर मायकल आंधळाच!

भुशात खेळणारी त्याची आठ वर्षांची फिलू म्हणाली, “बाबा, तो माझ्याकडं बघतो.”

दुसऱ्या दिवशी तिला अंधुक दिसू लागलं. तिसऱ्या दिवशी ती भिंतीवर आदळली. इनासने शिंपले उचकटून पाहिले, ते हलेनात. त्यांवर फडकं बांधलं, ते गळून पडलं. आता मायकलचे डोळे उघडले तरच पोरीचे वाचणार होते. पण पटाशी धरली की खालून ती नजर रोखलेली, आणि पटाशी भलतीकडेच घसरायची.

शेवटी फिलूच चाचपडत आली आणि तिने सैतानाच्या डोळ्यांवर तळवा ठेवला.

“हात काढू नकोस हं, बाय.”

“नाय काढत. पण बाबा, याच्या पापण्या लवतात.”

इनास तरी थांबला नाही. मायकलचा दुसरा डोळा उघडला तेव्हा फिलू म्हणाली, “आता नुसतं लाकूड लागतं.” तिची नजर परत आली. तो तळवा मात्र जन्मभर थंडगार राहिला, असं सांगतात.

आजही पुतळा पुसायचा तर मायकलचे डोळे क्षणभर फडक्याखाली जातात, म्हणून गावातल्या एका मुलीने आधी सैतानाचे डोळे झाकायचे. काका विचारतात, “काय लागतं, बाय?” ती “लाकूड” म्हणाली की मगच फडकं वर न्यायचं. आधीच्या सगळ्या तेच म्हणाल्या.

गेल्या सणाला काकांच्या नातीने तळवा ठेवला आणि ती “लाकूड” म्हणालीच नाही. काकांनी फडकं न फिरवताच खाली ठेवलं. ते अजून तिथेच आहे.