तीन गावांची राखण

फार जुनी गोष्ट. लोक समुद्राला नवस बोलत आणि बोललेला नवस पाळतही असत, तेव्हाची.

एका लांबलचक किनाऱ्यावर कोळ्यांची तीन गावं होती. प्रत्येक गाव वर्षातला एक महिना जाळी वाळूवर काढून ठेवी, समुद्राला विसावा देई. त्याला म्हणत राखण. वरच्या गावाची राखण ज्येष्ठात, मधल्या गावाची आषाढात, खालच्या गावाची श्रावणात. असं वेगवेगळं का, हे कोणी विचारलं नाही. आज्यांनी ठरवलं ते नातवांनी पाळलं, आणि आपलीच राखण खरी असं तिन्ही गावं मनोमन धरून बसली.

वरच्या गावचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, राखणीच्या बाबतीत फार कडक. त्याच्या धाकाने ज्येष्ठात कोणी साधा गळही टाकत नसे. तरी चार वर्षं मासळी आटत चालली होती. कासवं अंडी घालायला येईनाशी झाली होती. शेवटी त्याचा मुलगा स्पष्टच म्हणाला, "बा, यंदा जाळं भरलं नाही तर आम्ही सगळे घाटावर मजुरीला जाणार. नुसत्या राखणीनं पोट भरत नाही."

 तरणी माणसं गेली की गाव गेलं, हे म्हाताऱ्याला कळत होतं.

त्याची लेक मधल्या गावात दिली होती. त्याच वर्षी ज्येष्ठात तो नात बघायला तिच्या घरी गेला. विहिणीने कौतुकाने पाट मांडला आणि ताटात तळलेली गाभोळी वाढली. गाभोळी म्हणजे मासळीच्या पोटातली अंडी. हजार पिल्लं एका घासात!

"ही मासळी कुठली?" तांडेलाने विचारलं.

"तुमच्याच हद्दीकडनं येते की!" विहीण हसत म्हणाली. "तुमची राखण असली म्हणजे आमच्या जाळ्यांना नुसती बरकत."

तांडेल ताटावरून ताडकन उठला. "म्हणजे आम्ही जपायचं आणि तुम्ही तळायचं? चोर आहात तुम्ही!"

लेक मध्ये पडली. "बा, बस खाली. आषाढात आमची जाळी वाळूवर असतात, तेव्हा आपल्या घरी काय शिजतं?"

तांडेल परत पाटावर बसला. आषाढातच त्याच्या होड्या सगळ्यांत जड होऊन येत. ते आपल्या पुण्याईचं फळ, असं तो चारचौघांत मिशीवर ताव देऊन सांगत आला होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने तिन्ही गावांना मधल्या किनाऱ्यावर बोलावलं. राखण एकाच वेळी करायची, हे सगळ्यांना पटलं. पण महिना कोणाचा? इथे घोडं अडलं. प्रत्येक म्होरक्या आपल्या देवाचं नाव पुढे करू लागला.

विहिणीला राहवलं नाही. "देवाला कशाला मध्ये ओढता? विळीला विचारा. मासळी कापतो आम्ही. तिचं पोट गाभोळीनं कधी भरलेलं असतं, ते आम्हांला ठाऊक."

तिन्ही गावांच्या बायकांना वेगवेगळं विचारलं. उत्तर एकच आलं: वटपौर्णिमेपासून नारळी पौर्णिमेपर्यंत. पुरते दोन महिने!

 एवढी राखण कोणीच केली नव्हती.

"आणि तुम्ही चोरून जाळं टाकलंत तर?" खालच्या गावचा म्होरक्या म्हणाला.

"पहाऱ्याच्या होडीत तिन्ही गावांचा एकेक माणूस बसेल," तांडेल म्हणाला. "आज्याचा महिना मी सोडतो. आमची राखण खोटी नव्हती, पण अपुरी होती." आणि त्याने स्वतःची होडी सगळ्यांत आधी वर ओढली.

पहिलं वर्ष हालाचं गेलं. नाचणी आणि सुकट, सुकट आणि नाचणी. मुलगा तरण्या पोरांना घेऊन घाटावर निघून गेला. लोक तांडेलाला नावं ठेवत. तो ऐकून घेई, आणि एकटा असला की रडे.

दुसऱ्या वर्षी उथळ पाण्यात बारीक पिल्लं वळवळताना दिसली. कोणी हात लावला नाही. तिसऱ्या वर्षी कासवं परत आली आणि नारळी पौर्णिमेनंतर जाळी ओढायला माणसं कमी पडू लागली. घाटावर निरोप गेला. गेलेले सगळे परत आले, तांडेलाचा मुलगा सगळ्यांत पुढे.

किनाऱ्यावर मासळीची रास बघून विहिणीने चेष्टा केली, "काय व्याही, ही कोणाच्या हद्दीतली म्हणायची?"

"कोणाच्याच नाही, विहीणबाई," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर एवढी आहे."

तात्पर्य: पाण्याला वेस नसते, समुद्र राखायचा तर सगळ्या किनाऱ्यांनी मिळून आणि एकाच वेळी राखावा.