केरबानं लावला फोटोचा कोर्स

एका गावात केरबा नावाचा भोळा गडी राहायचा. किती भोळा? ‘जरा थांब’ म्हणून कुणी निघून गेलं, तर हा दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा. एकदा त्याला मोबाईलवर जाहिरात दिसली, ‘घरबसल्या फोटोग्राफी शिका, भरपूर कमवा.’ झालं! बायकोला न विचारता पठ्ठ्यानं दोन म्हशींतली एक विकली आणि कोर्सची फी भरली.

बायकोनं, हौसानं, कपाळावर हात मारला. “फी गेली वाया! आता एका म्हशीवर घर चालायचं. कमवून दाखवा, न्हाईतर मोबाईल हिरीत टाकीन!”

पहिल्या धड्यात सर म्हणाले, “फुलाचा फोटो काढताना अगदी जवळ जा.” दुसऱ्या दिवशी सरपंचांनी नव्या बंगल्याचा फोटो काढायला बोलावलं. केरबा भिंतीला नाक लागेपर्यंत जवळ गेला. फोटोत आली एक वीट.

“अरे, बंगला कुठाय?”

“हिच्या आजूबाजूलाच हाय की.”

सरपंचांनी त्याला हाकलून दिलं.

मग सर म्हणाले, “इमारतीचा फोटो लांबून काढा. सगळं मावलं पाहिजे.” त्याच आठवड्यात पाटलीणबाईंच्या नातवाचं बारसं होतं. केरबा समोरच्या डोंगरावर चढला. फोटोत गाव आलं, ओढा आला, शेजारच्या गावची पाण्याची टाकीसुद्धा आली.

“आन् बाळ रं?”

“ते काय, त्या तिसऱ्या पत्र्याखाली.”

तिथंही दमडी मिळाली नाही.

पुढचा धडा, “लहान मुलांना खुळखुळा वाजवून हसवा.” केरबानं खुळखुळा आणला आणि नेमके तात्या मास्तर वारले. घरच्यांना शेवटचा एक फोटो हवा होता. सगळे रडत उभे. केरबानं खुळखुळा वाजवला. “इकडं बघा, हसा! तात्या, तुमीबी!” आता काय बोलावं! तात्यांना तसंच ठेवून माणसं केरबाच्या मागं धावली.

अंग शेकत त्यानं पुढचा धडा ऐकला. “जंगली प्राण्यांचे फोटो दडून काढा. हूं की चूं करू नका. प्राणी स्पष्ट, मागचं सगळं धूसर.”

हौसा बाजाराला गेली होती. केरबा गोठ्यासमोर कडब्याआड दडला. भरदुपारी चोर आला. त्यानं म्हैस सोडली. ती हलेना, म्हणून मागून ढकलू लागला. केरबानं श्वास रोखला आणि फोटो काढत राहिला.

हौसा आली. गोठा मोकळा.

“म्हस कुठाय?”

“चोरानं नेली. माझ्या म्होरनं.”

“मग वरडला का न्हाई?”

“वरडलो असतो तर म्हस बिचकली असती. फोटो बिघडला असता.”

हौसा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. घरातलं दूधही गेलं, दुधाचे पैसेही गेले. रडता रडता ती थबकली. “अवो, चोराचा फोटो हाय न्हवं? चला, पोलिसांना दावू!”

केरबानं ऐटीत मोबाईल पुढं केला. म्हैस अशी आली होती, की नाकावरचा केस न् केस मोजून घ्यावा. तिच्या मागं मात्र सगळं धूसर, जणू नुसता धुराचा लोट.

“अवो, ह्याचं तोंड कुठाय?”

“न्हाईच दिसायचं!” केरबा छाती फुगवून म्हणाला. “आता म्हण, फी वाया गेली म्हणून!”