दोराबाहेरची माय

एका गावात एक बाई होती, आणि तिच्या घरात चिखलाला जागा नव्हती. तिचं नाव वच्छला. तिचं अंगण असं सारवलेलं, की कोंबडीसुद्धा पाय पुसून आत यायची. भांडी इतकी लख्ख, की शेजारणी तिच्या तांब्यात बघून कुंकू नीट करायच्या. लख्ख घर ठेवणारी बाई आणि थंड डोक्याची बाई सहसा एका छपराखाली राहत नाहीत. वच्छलाकडे पहिलीच तेवढी राहायची.

तिला पाच वर्षांची एक मुलगी होती, मंजी. मंजीच्या हातांना गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. पळसाची पानं मिळाली की काडीने टाचून ती द्रोण करायची. द्रोण गळायचा. मग कुठे पान जोडलं की गळत नाही, ते पाणी ओतून ओतून बघायची. चिंचोके मिळाले की ओसरीवर फुलं मांडायची. एका फुलाला पाच पाकळ्या, तर दोन फुलांना किती, हे बोटांवर मोजायची, आणि बोटं संपली की खूश व्हायची. कोणी शिकवायला बसलं नव्हतं. तरी ती शिकत होती. आणि वच्छला काय करायची? चिंचोके केरात, द्रोण चुलीत. मंजी तिथून उठायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात नवा पसारा मांडायची.

त्या मुलखात मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. लेकरं चाकं लावलेले खेळण्यातले बैल ओढत आणतात. त्या गावाची रीत अशी, की मारुतीच्या पारासमोर दोर बांधायचा. दोराच्या आत फक्त लेकरू आणि त्याचा बैल. आईबाप बाहेर. बैल लाकडाचा असो, मातीचा असो, नाहीतर दुधीभोपळ्याला काड्या टोचलेला असो, लेकराने तो आपल्या हाताने पारापर्यंत न्यायचा. पारावर गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, बसायचा. तो सगळ्यांना खाऊ वाटायचा, आणि सगळ्यात देखण्या बैलाच्या छोट्या धन्याला खराखुरा फेटा बांधायचा.

हा फेटा दरवर्षी वच्छलाच्या मोठ्या जावेच्या घरी जायचा. जाऊ म्हणजे पार्बताबाई, शेजारचंच दार. तिच्या पोराचा बैल सुताराकडून घडवून यायचा, हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. पण फेट्यावर तसं लिहिलेलं नसतं. पार्बताबाई तो फेटा दारातल्या दोरीवर वाळत घालायची. कोरडा असला तरी.

त्या वर्षी मंजीने ठरवलं, आपला बैल आपण करायचा. तळ्याकाठची माती आणली. पहिला बैल वाळला आणि तडकला. दुसऱ्याच्या मातीत तिने गवत चुरून घातलं, तो नाही तडकला. शिंगांना बाभळीचे काटे, शेपटीला सुतळी. चाकं म्हणून मातीच्या चकत्या, मधून तुरीची काडी. एक चाक मोठं झालं, म्हणून बैल लंगडायला लागला. मंजीने मोठं चाक काढलं, लहान चाकावर ठेवलं, आणि जास्तीची माती नखाने कोरून काढली. बैल सरळ चालला. मंजी जमिनीवर पोट टेकून त्याच्या चाकांकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तो बैल दिसायला डुकरासारखा होता. पण चालत होता.

तेवढ्यात वच्छला विहिरीवरून आली. डोक्यावर घागर, समोर सकाळीच सारवलेली ओसरी, आणि ओसरीवर चिखल.

"हात पाह्य तुहे," ती म्हणाली. "मानसाचे हात हायेत का डुकराचे पाय?"

आणि त्या दोन्ही हातांवर तिने फाडफाड चापट्या मारल्या. बैल उचलला आणि उकिरड्यावर भिरकावला.

इथे गोष्ट सांगताना मला जरा थांबावं लागतं. राग गिळायला वेळ लागतो. बैल गेला, जाऊ द्या, माती काही महाग नाही. पण चापट हातांवर मारली. गालावर मारली असती तरी वाईटच. पण निदान गाल बैल करत नाही.

वच्छलाला वाटलं, झालं, विषय संपला. तिने मनात दुसरंच धरलं होतं. यंदा फेटा आपल्या घरी आणायचा आणि दारात वाळत घालायचा. चांगला ओला करून घालायचा. तिने मोडक्या खाटेचं लाकूड घेतलं, त्यावर कापूस बांधला, वर पांढरं मांजरपाट शिवलं. शिंगांना बेगड लावली. स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ कापून झूल केली. बाई हाताची भारी होती, यात शंका नाही. बैल असा झाला, की खऱ्या बैलाने बघितलं असतं तर लाजून मान खाली घातली असती.

मंजी लांब बसून बघत होती. दोन्ही हात काखेत घालून.

आता ती तशीच बसायची. माती नाही, पानं नाहीत, चिंचोके नाहीत. वच्छला आल्यागेल्याला सांगायची, की पोट्टी सुधारली. मग एक दिवस ती म्हणाली, मंजे, पोलक्याची बटनं लाव. मंजी म्हणाली, "तूच लाव ना, माय." सुपातले खडे वेच म्हटलं, तर तूच वेच. शेजारच्या पोरी गजरा गुंफायला बोलवायला आल्या, तर माय करते, मी नाही. वच्छला चिडली. आळशी म्हणाली, म्हैस म्हणाली, सासरी काय दिवे लावशील म्हणाली. मंजी रडली नाही, भांडली नाही. फक्त तिचे हात काखेत आणखी खोल गेले. ज्या बाईला घरात धुळीचा कण दिसायचा, तिला हे दिसलं नाही.

तान्हा पोळा आला. मंजीला नवं परकर-पोलकं घातलं, कपाळाला टिळा लावला, हातात बैलाची दोरी दिली. सगळ्या गावाने बैलाकडे वळून बघितलं. पार्बताबाईनेही बघितलं, आणि मग आपल्या पोराच्या बैलाच्या पाठीवरची नसलेली धूळ झटकली. वच्छला दोराशी उभी राहिली. तिची मान इतकी ताठ, की डोक्यावर घागर ठेवली असती तरी हिंदकळली नसती.

लेकरं निघाली. वाट खडबडीत. कोणाचा बैल कलंडला, कोणाचं शिंग पडलं. पोरं खाली बसायची, दगडाने ठोकायची, थुंकी लावून चिकटवायची आणि पुढे जायची. एकाच्या भोपळ्याच्या बैलाचं मुंडकंच गळालं. त्याने ते पाठीवर बांधलं आणि तसाच निघाला. आणि मग मंजीच्या बैलाचं चाक निसटलं.

काही मोठं झालं नव्हतं. चाकाची खुंटी सुटून तिच्याच पायाशी पडली होती. मंजी खाली बसली. हात काखेत घातले. आणि बसूनच राहिली.

वच्छला दोराबाहेरून सांगायला लागली, की ती खुंटी घे, भोकात घाल, डावीकडून घाल. बाकीची पोरं पुढे निघून गेली. मंजी ढिम्म. शेवटी मालगुजार पारावरून म्हणाला, "पोरी, चाक बसव. खुंटी तुह्या पायापाशीच हाये."

"माय बसवते," मंजी म्हणाली.

"माय दोराबाहेर हाये."

"मंग बैल नाई जात," मंजी म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली नाही, की दुःखानेही नाही. आज सोमवार आहे, असं कोणी सांगावं, तसं सांगितलं. लोक हसले. पार्बताबाईने ही संधी सोडली असती तर ती पार्बताबाई कसली? "वच्छले," ती मोठ्याने म्हणाली, "बैलाले तं चाकं लावली. पोट्टीले लावाची राह्यली का वं?"

वच्छलाच्या डोक्यात जाळ झाला. तिने रीत बघितली नाही, मालगुजार बघितला नाही. दोर ओलांडून तरातरा आत गेली. हात उगारलेला होताच.

मंजीने तोंड लपवलं नाही. डोकं लपवलं नाही. तिने आपले दोन्ही हात झटकन खाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

हे सगळ्या गावाने बघितलं. हसणं थांबलं. मालगुजार रीत मोडली म्हणून ओरडायला उठला होता, तो उभाच राहिला. मंजी आपल्या हातांवर बसून आईकडे बघत होती. गाल मार, पाठ मार, पण हे नको, असं ते बघणं होतं.

वच्छलाचा हात वरच राहिला. राग आला होता, खूप आला होता, पण तो कुठे टाकावा ते कळेना. पोरीवर टाकायचा तर ती आधीच त्याच्याखाली दबून बसली होती. जावेवर टाकायचा तर जाऊ खोटं बोलली नव्हती. मालगुजारावर टाकायचा तर त्याने काय केलं होतं? मग तो राग फिरून तिच्याच अंगावर आला. आणि बाईमाणसाला स्वतःचा राग आला म्हणजे फार वाईट, कारण तिथून माहेरीही जाता येत नाही.

तिने मंजीला उचललं. बैल तिथेच सोडला, शालूच्या काठासकट. फेटा पार्बताबाईच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी वच्छलाने तळ्यावरून पाटीभर माती आणली, सारवलेल्या ओसरीच्या मधोमध ओतली, आणि पदर खोचून बसली. मंजी दाराच्या चौकटीला टेकून उभी. वच्छला बैल करायला लागली. लाकडाचा बैल करणं वेगळं आणि मातीचा करणं वेगळं. बैल कधी बसला, कधी लोळला, उभा काही राहिला नाही. तिला असा संताप आला, की तिने तो गोळा भिंतीवर फेकायला उचलला. चौकटीपाशी मंजीचे हात पाठीमागे गेले.

वच्छलाने गोळा खाली ठेवला. हळूच ठेवला. फेकण्यापेक्षा त्याला जास्त जोर लागला.

असे बरेच दिवस गेले. वच्छला रोज चिखलात बसायची, रोज चिडायची आणि रोज ते चिडणं गिळायची. मंजीला तिने ये म्हटलं नाही, कारण तिच्या तोंडून ये निघालं तरी ते हुकमासारखं निघायचं. मंजी चौकट सोडून ओसरीवर आली, मग खांबापाशी आली. हात मात्र काखेतच. सोडलेली गोष्ट लेकरू परत धरेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. वच्छलाला रात्री जेवण जायचं नाही ते याच भीतीने.

आणि मग एका दुपारी पार्बताबाई दारात उभी राहिली. ओसरी बघून तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, की सारं गाव बोलते. म्हणाली, की एवढी मोठी बाई चिखलात खेळते आणि पोट्टी दगडासारखी बसून राह्यते. दगडाले पाझर फुटत नसते, वच्छले.

वच्छला उठली. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"ते दगड नाई," ती म्हणाली. "मीच तिचे हात मोडले. मले बोला, बाई, लाख बोला. मह्या पोट्टीले बोलाचं नाई. अन् बसाचं असन तं या चिखलात बसा. मह्या घरात हीच जागा हाये आता."

पार्बताबाई काही चिखलात बसली नाही. ती गेली. वच्छला दाराकडे तोंड करून धापा टाकत होती. आईचा राग पहिल्यांदाच मंजीच्या डोक्यावरून पलीकडे गेला होता, दुसऱ्या कोणावर तरी. मंजीने तो जाताना बघितला.

वच्छला वळली तेव्हा मंजी मातीपाशी बसली होती. एक हात काखेत होता. दुसऱ्या हाताचं एकच बोट मातीच्या गोळ्यात रुतलेलं होतं. बोटाने तिने थोडी माती ओढली, दाबली, पुन्हा ओढली. चुकीच्या जागी ओढत होती. असं केल्याने बैलाची मान पाठीवर येणार होती, हे वच्छलाला स्पष्ट दिसत होतं. तिची जीभ शिवशिवली. सांगावं, फक्त एवढंच सांगावं.

तिने पदराचं टोक दातांत घट्ट धरलं आणि शेजारी बसली.

मान पाठीवर आली. मंजीने ती बघितली, मान वाकडी करून बघितली. मग काखेतला दुसरा हातही बाहेर काढला, आणि दोन्ही हातांनी बैल मोडून पहिल्यापासून करायला घेतला.

तात्पर्य: लेकराने केलेलं वाकडं दिसलं आणि राग आलाच, तर आपले हात आवरा, त्याचे नव्हे. वाकडा बैल पुढच्या पोळ्याला सरळ होतो. घाबरलेला हात नुसता स्वच्छ राहतो.